सही केलेली स्पोर्ट्स कार्डं डीलरकडनं घेताना: कोल्हापुरात सारखे विचारले जाणारे प्रश्न

शाहू स्टेडियमवर मॅच सुटली की बाहेर चहाच्या गाड्यावर हा विषय हमखास निघतो. कुणीतरी मोबाईल पुढं करतंय, "भावा, ही मेस्सीची सही खरी वाटती काय बघ की, बारा हजार म्हणतोय." मी काय एक्सपर्ट नाही. पंधरा-सोळा वर्षं कार्डं गोळा करतोय, त्यात दोनदा चांगला फसलोय, तेवढीच माझी डिग्री. पण तेच तेच प्रश्न आणि तेच तेच उत्तर देऊन चहा गार होतोय दरवेळी, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. लांबलंय, पण घाईत वाचू नका, पैशाचा विषय आहे.

सही केलेलं कार्ड म्हणजे नक्की काय? बिग फनच्या बबलगममधनं यायची तसलीच काय?

जात तीच, पण लय पुढं गेलेली. अडीच बाय साडेतीन इंचाचं जाड कार्ड, पुढं खेळाडूचा फोटो, मागं माहिती. आमच्या पिढीनं बिग फनची कार्डं आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड गोळा केले, त्यावर कुणी सही घेतली नाही आणि आईनं रद्दीत घातले तेव्हा वाईट पण वाटलं नाही. आता त्याच साईजच्या कार्डावर खेळाडूची सही असली की त्याचे हजारो, लाखो होतात.

यात दोन प्रकार आहेत आणि सगळा घोळ इथनंच सुरू होतोय. एक म्हणजे कंपनीनंच खेळाडूकडनं सही करून घेऊन पाकिटात घातलेलं कार्ड. अप्पर डेक या अमेरिकेतल्या कार्ड कंपनीनं १९९० साली बेसबॉलच्या रेजी जॅक्सनची सही केलेली, नंबर टाकलेली २५०० कार्डं पाकिटात सोडली, तिथनं ही पद्धत रुळली. दुसरा प्रकार म्हणजे साधं कार्ड, ज्यावर नंतर कुणीतरी कुठंतरी खेळाडूला गाठून सही घेतलीय. गाठून घेतलीय की घरी बसून स्वतःच केलीय, हाच तर प्रश्न आहे.

मग पाकिटातनं निघालेलं घेतलं की डोकं शांत?

बऱ्यापैकी. अशा कार्डाच्या मागं कंपनी लिहिते की ही सही आम्ही गॅरंटी देतोय. ते वाक्य शोधा, वाचा, मगच पुढं बोला. काही कार्डांवर सही थेट कार्डावर असते, काहींवर पारदर्शक स्टिकरवर केलेली सही चिकटवलेली असते, कारण खेळाडूकडं स्टिकरचे कागद पाठवायचे आणि सह्या करून परत आणायचे हे कंपनीला सोपं जातंय. स्टिकर बघून "हे डुप्लिकेट आहे" म्हणून ओरडणारे पण भेटलेत मला, तसं काही नसतंय. भाव थोडा कमी येतो, एवढंच.

पण गंमत बघा. सहीचं कार्ड आणि बिनसहीचं कार्ड बऱ्याच वेळा एकाच डिझाईनमध्ये येतंय, फोटो पण तोच. बिनसहीचं शंभर-दोनशेला मिळतंय. ते घ्यायचं, मार्करनं सही ठोकायची आणि "पॅकमधनं निघालंय" म्हणून विकायचं. म्हणून डीलर पुढच्या बाजूचा झकास फोटो पाठवतो तेव्हा मागच्या बाजूचा मागायचा. मागं कार्ड नंबर वेगळा असतो आणि गॅरंटीचं वाक्य साध्या कार्डावर नसतंच. मागच्या बाजूचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला तिथंच रामराम.

डीलर सर्टिफिकेट देतो म्हणालाय, मग झालं की?

कुणाचं सर्टिफिकेट? हा एकच प्रश्न विचारा. शंभरातल्या बऱ्याच वेळी उत्तर येतं, "आमचंच." म्हणजे माल पण त्याचा आणि दाखला पण त्याचा. पोराच्या प्रगतीपुस्तकावर पोरानंच सही केल्यासारखं आहे हे.

माझंच सांगतो. मी ब्राझीलवाला, घरात अजून पिवळा झेंडा आहे. काही वर्षांपूर्वी एका डीलरकडनं रोनाल्डिन्होची सही केलेलं कार्ड घेतलं, साडेसहा हजारला. सोबत सर्टिफिकेट, सोनेरी सील, चकचकीत होलोग्राम, वर "लाईफटाईम गॅरंटी". मी खूश, गल्लीत दाखवून आलो, अर्जेंटिनावाल्यांना तर मुद्दाम घरी जाऊन. दोन महिन्यांनी त्याच डीलरनं आणखी एक तसलंच कार्ड टाकलं. सही बघितली आणि पोटात गोळा आला. दोन्ही फोटो मोबाईलवर एकावर एक ठेवले तर शेपटी, वळण, मधली गॅप, सगळं केसाकेसानं जुळतंय. माणूस आयुष्यात दोनदा सेम टू सेम सही करत नाही. बँकेत आपली स्वतःची सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो की राव! म्हणजे शिक्का तरी होता नाहीतर सही करायचं मशीन.

फोन केला तर म्हणतो, "सर्टिफिकेटचं प्लास्टिक उघडलंय ना तुम्ही, मग गॅरंटी संपली." उघडल्याशिवाय कार्ड बघायचं कसं हे त्यानं सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात नंबरच बंद. तेव्हा कळलं की लाईफटाईम म्हणजे त्याच्या सिमकार्डाचं लाईफटाईम.

पीएसए, जेएसए, बेकेट ही काय भानगड आहे?

या अमेरिकेतल्या बाहेरच्या, म्हणजे तिसऱ्या पार्टीच्या कंपन्या. कार्ड विकणाऱ्याशी त्यांचा संबंध नाही, फी घेऊन त्या सही तपासतात आणि खरी वाटली तर नंबर देतात, बहुतेक वेळा कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत सील करून. त्या डबीला स्लॅब म्हणतात. ग्रेड १ ते १० असतो, कार्डाच्या कंडिशनला वेगळा आणि सहीला वेगळा असू शकतो, हे दोन नंबर गोंधळून बरेच जण जास्त पैसे देतात.

गुजरीत दागिना घेताना आता हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी बघतो ना आपण, ॲपवर टाकून? तसंच हे. नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकायचा आणि तिथली माहिती हातातल्या कार्डाशी जुळवायची. फक्त एक फरक डोक्यात ठेवा. सोन्याचा कस यंत्रानं निघतो, २२ कॅरेट म्हणजे २२ कॅरेट. सहीचा कस माणूस डोळ्यानं काढतो. म्हणजे ते त्यांचं मत आहे, चांगल्या अनुभवी माणसाचं मत, पण मतच.

याच्यात पण एक वरचा प्रकार आहे. खेळाडू सही करताना कंपनीचा माणूस समोर हजर असतो आणि तिथल्या तिथं नंबर लावतो. याला विटनेस्ड म्हणतात. दोन कार्डांत निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून समोर बघून दिलेलं घेईन, पैसे थोडे जास्त गेले तरी.

स्लॅब आहे, नंबर पण वेबसाईटवर मॅच झाला. आता तरी खात्री?

नंबर मॅच झाला म्हणजे तो नंबर खरा आहे. डबी खरी आहे असं कुठं म्हटलंय? खऱ्या कार्डाचा नंबर इंटरनेटवरनं उचलायचा आणि खोट्या डबीवर छापायचा, हा धंदा जोरात आहे. म्हणून वेबसाईटवर त्या कार्डाचा फोटो असेल तर तो काढून सहीची जागा, तिरकेपणा, कोपऱ्यापासूनचं अंतर, सगळं जुळवा. डबीच्या कडा बघा, उघडून परत चिकटवलेली असली तर कड पांढरट दिसते.

आणि खरी डबी असली तरी आतलं सगळं देवाचं म्हणू नका. जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड म्हणजे होनस वॅगनर या बेसबॉलवाल्याचं, टी-२०६ नावाच्या जुन्या मालिकेतलं. त्यातलं एक कार्ड १९९१ साली पीएसएनं ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड होतं, ग्रेड ८. ते पुढं कोट्यवधींना हातोहात विकलं गेलं, आणि २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रोनं कोर्टात कबूल केलं की त्याच्या कडा त्यानंच कापून नीट केल्या होत्या. तिथं सहीचा संबंध नव्हता, पण पहिल्याच कार्डाला असं झालंय म्हटल्यावर आपण साडेसहा हजारवाले कोण.

एवढं कुणी खोटं करतंय काय? एका सहीसाठी?

एका सहीसाठी नाही, लाखो सह्यांसाठी. अमेरिकेत एफबीआयनं १९९० च्या दशकात ऑपरेशन बुलपेन नावाची कारवाई केली, ऑक्टोबर १९९९ मध्ये धाडी टाकल्या. सह्या करणारे, सर्टिफिकेट बनवणारे, विकणारे, सगळी साखळी सापडली. सॅन डिएगोचा बेसबॉल खेळाडू टोनी ग्विन, त्यानं स्वतःच ओळखलं की आपल्या नावानं विकायला ठेवलेल्या सह्या आपल्या नाहीतच, आणि त्यानं तपासाला मदत केली. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांची सही केलेला बेसबॉल पण निघाला. घ्या! मदर तेरेसा कुठल्या टीमकडनं खेळायच्या ते बनवणाऱ्यालाच माहिती, पण घेणारं गिऱ्हाईक आहे म्हणूनच कुणीतरी तो बनवला ना.

या प्रकरणानंतर मेजर लीग बेसबॉलनं २००१ पासून स्वतःची व्यवस्था सुरू केली, त्यांचा माणूस मैदानात हजर राहतो आणि वस्तूवर होलोग्राम लावतो.

आपल्याकडं लांब कशाला जायचं. चप्पल लाईनीत उभं राहून बघा, २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग मिळाला तरी रेक्झिनच्या चपला कोल्हापुरी म्हणून जगभर जातातच की. जिथं नावाला किंमत तिथं नावाची नक्कल.

घरी बसून सही तपासता येती काय?

शंभर टक्के नाही, पण निम्मा कचरा घरीच गाळता येतो. सराफ वापरतो ते डोळ्याला लावायचं दहापट भिंग घ्या, महाग नसतंय. सहीवर धरा. छापील सही असेल तर रेषा सलग दिसत नाही, बारीक बारीक ठिपके दिसतात, पेपरातल्या फोटोसारखे. पेनाची किंवा मार्करची शाई सलग असते. मग कार्ड उजेडात तिरकं करा. मार्करची शाई कार्डाच्या चकाकीच्या वर बसलेली असते, तिची चमक वेगळी दिसते. छापील सही चकाकीच्या खाली असते, तिरकं केलं तरी वरची चमक कुठं तुटत नाही. शिक्का असेल तर शाई रेषेच्या कडेला जास्त साचते.

आता हातानं केलेली खोटी सही. इथं खरी कसोटी. खेळाडू सही करतो ती चालता चालता, शंभर जण ढकलतायत, सिक्युरिटीवाला ओढतोय, त्यात दोन सेकंदात. त्यामुळं रेषेला वेग असतो, सुरुवात आणि शेवट निमुळता होत जातो, पेन टेकायच्या आधीच हात फिरायला लागलेला असतो. नक्कल करणारा बघून बघून काढतो, म्हणजे तो लिहीत नाही, चित्र काढतोय. त्याची रेष हळू असते, थरथरते, सुरुवातीला आणि शेवटाला शाईचा ठिपका पडतो, मध्येच पेन उचलल्याची जागा दिसते. रंगीत तालमीला आलेलं पोरगं डायलॉग पाठ म्हणतंय तसं वाटतं बघा, शब्द सगळे बरोबर पण जीव नाही. मशीनच्या सहीत पण दाब सगळीकडं सारखा असतो.

आणि तुलना करायची तर त्याच काळातल्या सहीशी करा. पोरगेला असताना पूर्ण नाव लिहिणारा खेळाडू मोठा झाल्यावर एक वळण आणि एक रेघ मारून मोकळा होतो, कारण दिवसाला शेकडो सह्या कराव्या लागतात. २००४ च्या कार्डावर २०२२ ची सही असू शकते, नंतर घेतलेली, ते चालतंय. पण डीलर "त्याच वर्षी घेतलीय" म्हणत असेल आणि सही आत्ताची दिसत असेल तर गोष्ट आणि सही जुळत नाहीत. बाय द वे, मेस्सीचं २००४-०५ चं, पनिनी कंपनीच्या मेगाक्रॅक्स मालिकेतलं ७१ नंबरचं कार्ड कुणी स्वस्तात दिलं तर सहीपर्यंत जाऊच नका, त्याचं तर कार्डच खोटं बनवून विकतात.

जुन्या खेळाडूंच्या सह्यांचं काय? आजोबांच्या ट्रंकेतनं निघाली म्हणतो एकजण.

ट्रंकेतनं निघालेल्या वस्तूंवर माझा विशेष जीव आहे, कारण इथं खोटं पकडायला मजा येते. पेन बघायचं. जेल पेन जगात आलं १९८४ मध्ये. सी. के. नायडू वारले १९६७ ला. नायडूंची सही जेल पेननं केलेली असेल तर ती वरनं पाठवलीय. रणजितसिंहजी १९३३ ला गेले, बीरोचं बॉलपेनचं पेटंट १९३८ चं. शार्पी मार्कर १९६४ चा. कागदाचं पण तसंच, नोटा तपासायची निळी यूव्ही लाईट दुकानात असते ना, ती मारा. १९५० च्या आसपास कागदात पांढरेपणा वाढवणारी केमिकलं यायला लागली, असला कागद त्या लाईटखाली निळसर चमकतो. १९३० चं म्हणून दिलेलं कार्ड ट्यूबलाईटसारखं पेटलं की समजून जा. नाही पेटलं म्हणजे खरंच असं मात्र नाही, जुनी कोरी कागदं पण मिळतात बाजारात.

आपल्याकडच्या सह्या मला वाटतंय लोकांनी उगाच दुर्लक्षित ठेवल्यात. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, १९४८ ला पुण्यात महाराष्ट्राकडनं काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, समोरच्या टीमनं मॅच सोडून दिली नसती तर ब्रॅडमनचा ४५२ मोडला असता, आणि माणसाला एक टेस्ट मिळाली नाही. ते २०१२ पर्यंत इथंच होते. त्यांची सही कुणाच्या तरी घरात वहीत पडून असणार. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, १९५२ च्या हेलसिंकीचं ब्राँझ, गेले १९८४ ला. असलं काही घरात सापडलं तर आधी ज्यानं सही घेतली त्या माणसाकडनं कुठं, कधी, कुणासोबत हे लिहून घ्या, तारीख टाकून, त्याच्या सहीसकट. तो माणूस गेला की गोष्ट गेली, आणि गोष्ट गेली की डीलर म्हणणार "पुरावा काय?"

ब्रॅडमनची सही एवढी स्वस्त कशी? खोटीच असणार ना?

असं नाही. २००१ ला जाईपर्यंत त्यांनी लोकांच्या पत्रांना उत्तरं देत, सह्या करत वर्षानुवर्षं घालवली, त्यामुळं त्यांच्या सह्या भरपूर आहेत. मोठं नाव म्हणजे दुर्मिळ सही हे गणित चुकीचं. पण भरपूर आहेत म्हणून नमुने पण भरपूर, त्यामुळं नक्कल करणाऱ्याला सराव पण भरपूर.

चांगला डीलर ओळखायचा कसा? हेच मेन आहे.

हेच मेन आहे, बाकी सगळं शेपूट.

आमची आजी गुजरीत एकाच सराफाकडं जायची. दुसरा मजुरी कमी लावतोय म्हणून सांगितलं तरी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ह्यानं दिलेली पाटली मोडीला नेली तर तोंड वाकडं करत नाही." बस. दागिना विकताना सगळेच गोड बोलतात, चहा मागवतात. तोच दागिना मोडीला घेऊन गेलं की कळतं सराफ कोण आहे. स्वतःच दिलेला माल परत घेताना जो डाग, घट, कस, सगळं नव्यानं काढायला लागतो त्याचा स्वतःच्याच मालावर विश्वास नाही.

डीलरला घ्यायच्या आधी हेच विचारायचं: सहा महिन्यांनी मी हे परत आणलं तर काय? बाहेरच्या कंपनीनं सही नाकारली तर पूर्ण पैसे देणार काय, कुरिअर आणि तपासणीची फी कुणाची, किती दिवसांत, आणि हे बिलावर लिहून देणार काय? यावर चांगला डीलर चिडत नाही, त्याची अट तयार असते. "विश्वास नसेल तर घेऊ नका" म्हणणारा असतो ना, त्याचं पहिलं वाक्य ऐका आणि तसंच करा, घेऊ नका.

मी अजून एक करतो. मोठी वस्तू घ्यायच्या आधी त्याच्याकडनं पाचशे-हजारचं काहीतरी घेतो आणि काही दिवसांनी विचारतो, "परत घेता काय, थोडं कमी करून?" घेतलं तर माणूस टिकाऊ. हा खर्च फुकट जात नाही. शिवाय माल कुठनं आणला हे विचारल्यावर "सोर्स सांगत नाही आम्ही" म्हणाला, किंवा मेस्सी, रोनाल्डो, सचिन, विराट, सगळ्यांच्या सह्या त्याच्याकडं कायम स्टॉकला, साईजप्रमाणं चपला असल्यासारख्या, तर विषय हार्ड आहे, निघा.

सही करतानाचा खेळाडूचा फोटो दाखवतोय. हा पुरावा चालतो काय?

फोटोत तेच कार्ड आहे का? झूम करून सहीचं वळण त्याच कार्डाशी जुळतंय का? तसं असेल तर भारीच. पण बहुतेक वेळा खेळाडू कशावर तरी सही करतोय आणि शेजारी डीलर हसतोय एवढंच असतं. तो एक फोटो पन्नास कार्डांसोबत जातोय.

व्हॉट्सॲप ग्रुपवरचे, इन्स्टा लाईव्हवरचे लिलाव?

मजा येते, मी पण बघतो रात्री. पण दहा मिनिटांत बोली संपवायची घाई कुणाला असते याचा विचार करा. बोली वाढवणारे दोन-तीन जण त्याचेच मित्र पण असतात. लाईव्हवर सीलबंद पाकिटं फोडून देणारे आहेत, त्यात पाकीट आधीच उघडून चांगलं कार्ड काढून परत चिकटवलेलं असू शकतं.

किंमत कमी म्हणजे खोटं असंच धरायचं काय?

उलटा हिशोब करा. बाहेरच्या कंपनीची फी, अमेरिकेला पाठवायचं आणि आणायचं कुरिअर, इन्शुरन्स, हे सगळं काही हजारांत जातंय. मोठ्या खेळाडूचं स्लॅबमधलं कार्ड कुणी तीन हजारला देत असेल तर सही त्याला फुकट पडली असली पाहिजे. फुकट कशी पडते ते कळलंच असेल. महाग म्हणजे खरं, हे पण नाही बरं का, माझे साडेसहा हजार आठवा.

पैसे कसे पाठवायचे?

यूपीआयनं एकदा गेले की गेले. ओळखीचा, दुकानवाला डीलर असेल तर ठीक, तिथं पण पक्कं बिल घ्या आणि बिलावर खेळाडूचं नाव, वर्ष, कार्ड नंबर आणि "हातानं केलेली मूळ सही" हे शब्द लिहून घ्या. नुसतं "स्पोर्ट्स कार्ड १ नग" लिहिलेल्या बिलाचा काडीचा उपयोग नाही. ऑनलाईन अनोळखी असेल तर क्रेडिट कार्ड बरं, वाद घालायला जागा असते. परदेशी डीलर पेपालवर "फ्रेंड्स अँड फॅमिली"नं पाठव म्हणाला तर नाही म्हणायचं, त्यात खरेदीचं संरक्षण मिळत नाही आणि त्याला ते पक्कं माहिती असतंय. रिफंड देतो म्हणून क्यूआर पाठवून पिन टाकायला लावणारे पण आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

परदेशातनं आलं तर कस्टम ड्युटी लागू शकते, ती किमतीत धरूनच बोली लावा. "गिफ्ट लिहून पाठवतो" म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका, पार्सल हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीचीच.

फसलोय. आता काय करू?

आधी शिव्या द्या, मन हलकं होतं. मग चॅट, बिल, पार्सलचा डबा, फोटो, सगळं जपून ठेवा, चॅट डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट. सरळ ऑनलाईन फ्रॉड असेल, म्हणजे पैसे घेऊन वस्तूच पाठवली नाही, तर १९३० या सायबर हेल्पलाईनला लगेच फोन, जितक्या लवकर तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त. धंदा करणाऱ्या डीलरनं खोटा माल दिला असेल तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार करता येते, डीलर दिल्लीचा असला तरी कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन, तिथं आधी बोलून बघा. पण ग्रुपवरच्या एखाद्या पोरानं स्वतःचं एक कार्ड विकलं असेल तर तो दुकानदार होत नाही, तिथं हा रस्ता चालणार नाही, मग पोलिसात फसवणुकीची तक्रार. जुन्या भाषेत चारशेवीस, आता न्याय संहितेत ते कलम ३१८ झालंय, पण माणसं तीच.

मी तक्रार केली नाही. लाज वाटली. ते चुकलंच माझं.

मग सगळ्यात सेफ काय?

स्वतः घ्या सही! कोल्हापुरात राहून खेळाडू भेटत नाही असं म्हणायची सोय आहे काय? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ ला पॅरिसचं ब्राँझ. कार्यक्रमात भेटले तर अदबीनं विचारा, गर्दी असेल तर राहू द्या, जेवताना तर नकोच. फोटोवर किंवा कोऱ्या पांढऱ्या कार्डावर घ्या, मागं तारीख आणि ठिकाण पेन्सिलनं लिहा, जमलं तर सही करतानाचा व्हिडिओ. भाव येईल न येईल, पण खरी आहे का हा प्रश्न तुम्हाला रात्री पडणार नाही. पीटीएम, शिवाजी, दिलबहार या आपल्या फुटबॉल टीमच्या पोरांच्या सह्या घेणारं एक बारकं पोरगं मी बघतो स्टेडियमवर, वही घेऊन उभं असतंय. त्यातला अनिकेत जाधवसारखा एखादा पुढं इंडियाकडनं खेळला की त्या वहीला मोल येणार.

लॅमिनेशन करू का?

नको!! हात जोडतो. ओळखीच्या एका काकांनी जुनी सहीची वही झेरॉक्सच्या दुकानात नेऊन पानं लॅमिनेट करून आणली, "आता खराब होणार नाही" म्हणून. गरम रोलरनं शाई पसरली आणि आता सही कायमची प्लास्टिकच्या आत, तपासणार कशी? मऊ प्लास्टिकची स्लीव्ह आणि त्यावर टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, एवढं पुरतं. उन्हात किंवा ट्यूबलाईटखाली भिंतीवर लावू नका, शाई उडते. पावसाळ्यात आपल्याकडं बुरशी धरते, सिलिका जेलची पुडी टाका डब्यात. आणि २०१९, २०२१ चा महापूर बघितलेल्यांना सांगायला नको, पण डबा तळमजल्यावर ठेवू नका. शाहूपुरीतल्या माझ्या मित्राचं अख्खं कलेक्शन पंचगंगेनं नेलं, त्यात खऱ्या-खोट्याचा भेद तिनं केला नाही.

मला माझं विकायचंय, काय सांगायचं समोरच्याला?

जे माहिती आहे तेवढंच. कुठनं घेतलं, कितीला, कुणी तपासलंय, कुणी नाही. "माझ्या मते खरी आहे पण तपासलेली नाही" असं म्हणून विकता येतंय, भाव कमी येतो इतकंच. आणि परत घेणार का, ते पण आधीच सांगून टाका.

तुमचं ते रोनाल्डिन्होचं कार्ड अजून आहे काय?

आहे. एकानं दोन हजार देतो म्हणून मागितलं होतं, खोटं आहे हे माहिती असून. पुढं कुणालातरी सहा हजारला खपवणार हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. त्याच रात्री कार्डाच्या मागं निळ्या बॉलपेननं "सही खोटी आहे" असं लिहिलं आणि खाली माझी सही ठोकली, तारखेसकट. आता त्या कार्डावर एक तरी सही खरी आहे.